दुसऱ्या वळणावरचा पट्टा

या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे आणि आजवर इथे एकच काम केलंय... लोकांच्या भुताखेतांच्या अनुभवांखाली खवचट कॉमेंट टाकायचं. 'घरातलं वायरिंग तपासून घ्या.' 'डोळ्यांचा नंबर वाढलाय.' त्यामुळे आता मी जे लिहितेय त्यावर तुम्ही तुटून पडणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. खुशाल पडा. मी एक शब्दही मागे घेणार नाही.

माझे बाबा नागपूरला शाळेत विज्ञान शिकवायचे. शेजारपाजारी कुणी म्हणालं की अमुक झाडाखाली काहीतरी आहे, की पुढच्या रविवारी ते आम्हा भावंडांना डबा घेऊन त्याच झाडाखाली जेवायला न्यायचे. मी त्यांची मुलगी. बेसिंगस्टोकला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते, बावीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात एकच नियम — जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, त्याची तक्रार घेऊन यायचं नाही. भुताखेतांबद्दल माझं मत कायम हेच होतं. मला पुन्हा दाखवा, मग बोलू.

तर मला पुन्हा दाखवलं गेलं. आतापर्यंत निदान वीस वेळा.

जागा सांगते, पण नाव सांगणार नाही, कारण ती माणसं माझी आहेत आणि त्यांना त्रास झालेला मला चालणार नाही. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर एक स्पीडवे ट्रॅक आहे. स्पीडवे म्हणजे मोटारसायकलची शर्यत. लंबगोल ट्रॅक, त्यावर विटांच्या भरडीसारखी लालसर खडी... तिला तिथे शेल म्हणतात. चार रायडर, चार फेऱ्या, एकाच दिशेने, म्हणजे सतत डावीकडे वळत. त्या गाड्यांना ब्रेक नसतो. हो, नसतोच! वळणावर डावा पाय जमिनीला टेकवून, गाडी आडवी घसरवत नेतात. म्हणून प्रत्येकाच्या डाव्या बुटाला खाली लोखंडी तळ बांधलेला असतो. हे नीट लक्षात ठेवा.

तिथे मी पोचले ती कॉलिनकाकांमुळे. ते आमचे शेजारी, वय चौऱ्याहत्तर. तोंडावर मी त्यांना नुसतं कॉलिन म्हणते, पण डोक्यात अहो-जाहोच चालू असतं, सवयच आहे. त्या ट्रॅकची देखभाल ते चाळीस वर्षं करताहेत, फुकट, हौसेने. माझी मुलगी इरा शिकायला एडिनबराला गेली आणि शनिवारची सकाळ मला खायला उठायला लागली. तेव्हा कुंपणावरून ते म्हणाले, "व्री, नुसती बसून काय करतेस? चल, दाताळं धरता येतं ना?" माझं नाव वृषाली. तिथे त्याचं व्री झालं ते झालंच.

शर्यती गुरुवारी संध्याकाळी असतात. शर्यतीत चाकांनी उडालेली सगळी खडी बाहेरच्या कुंपणाशी जाऊन साचते. ती शनिवारी फावड्याने आणि दाताळ्याने पुन्हा आत ओढायची. मग कॉलिनकाका ट्रॅक्टर फिरवून सगळं सपाट करणार, टँकरने पाणी मारणार, आणि शेवटी ट्रॅक असा दिसणार की त्यावर पाऊल टाकायची लाज वाटावी. पहिल्या वर्षी माझे हात फोडांनी भरले होते. नवरा म्हणाला, "घरात साधा केर काढायला तुला मशीन लागतं!" खरं आहे. पण त्या ओल्या लाल मातीचा वास आणि दुखणारी पाठ, यांनी मला पुन्हा माणसांत आणलं. असो.

गेल्या मे महिन्यातला एक शनिवार. स्वच्छ ऊन, साडेअकराची वेळ. ट्रॅक पूर्ण झाला होता, पाणी मारून झालं होतं, आम्ही दोघं चहा प्यायला गेलो. दहा मिनिटांनी परत आले तर दुसरं वळण संपतं तिथे एक पट्टा दिसला. तळहातापेक्षा जरा रुंद, गुळगुळीत, चमकणारा. वळणाच्या मध्यावर सुरू होऊन सरळ बाहेरच्या लाकडी कुंपणापर्यंत गेलेला.

लोखंडी तळाच्या बुटाची ती खूण मी लगेच ओळखली. गुरुवारी अशा शेकडो असतात. पण प्रत्येक खुणेशेजारी चाकाची चाकोरी असते, आणि ती वळणाबरोबर वळलेली असते. इथे चाकाचा माग नव्हता, पावलं नव्हती. नुसता एकच पट्टा, वळण सोडून थेट फळ्यांकडे गेलेला.

"तूच दाताळं ओढत नेलं असशील," कॉलिनकाका म्हणाले.

"दाताळ्याला दात असतात, कॉलिन."

"मग कोल्हा असेल."

"लोखंडी बूट घातलेला?"

ते हसले, मीही हसले. पट्टा मिटवून आम्ही घरी गेलो.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा होता. त्याच जागी, त्याच फळीपाशी. तिसऱ्या शनिवारी मी चहाला जाण्याआधी स्वतः ते वळण पुन्हा एकदा विंचरलं, फोटो काढला, बाहेरच्या गेटला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. परत आले — पट्टा हजर. त्याचाही फोटो काढला. हो, फोटोत तो स्वच्छ दिसतो. तुमच्या अनुभवांत फोटो नेहमी काळे येतात, माझे नीट आलेत. पण त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. नवऱ्याने बघितलं आणि "छान सपाट केलंयस" म्हणाला. इराला पाठवले तर तिचा फोन आला, तिच्या इथे वाढलेल्या मराठीत.

"आई, ती पट्टा होजपाइपचा आहे. लिटरली. तू एवढी सीरियस का घेतो?"

"पाइप तिथपर्यंत पोचतच नाही गं."

"मग तू तिकडे एकटा नको जाऊ ना, प्लीज."

म्हणजे पाइपही म्हणायचं आणि एकटी जाऊ नको असंही म्हणायचं! मी तिला तसं बोलून दाखवलं.

चौथ्या शनिवारी मी चहाला गेलेच नाही. ट्रॅकच्या आतल्या गवतावर, दुसऱ्या वळणासमोर, घडीची खुर्ची टाकून बसले. दाताळं मांडीवर आडवं. डोक्यावर लख्ख ऊन, लांबून मोटारवेचा आवाज, पिट्सच्या, म्हणजे गाड्या ठीकठाक करतात त्या बाजूला कॉलिनकाकांचा रेडिओ. मी घड्याळ बघत होते. अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

आधी आवाज आला. उलथन्याने तवा खरवडावा तसा, पण हळू. मग माझ्यापासून तीन-चार पावलांवर ओली खडी दबली. खरोखर, डोळ्यांदेखत दबली, आणि तो दाब पुढे सरकू लागला. मला वाटलं होतं गाडीच्या वेगाने काहीतरी सर्रकन जाईल. तसं नाही. माणूस रमतगमत चालतो त्या वेगाने, मागे गुळगुळीत पट्टा सोडत तो पुढे जात होता. वर काहीही नव्हतं. सावलीसुद्धा नव्हती.

मी घाबरले. हे लपवणार नाही. आणि त्याच वेळी मला भयंकर राग आला. दोन तास राबून मी ती माती विंचरली होती! मी उठले, ट्रॅकवर उतरले आणि त्याच्या वाटेत दाताळं आडवं टाकून घट्ट धरलं.

दांड्याला धक्का बसला. गर्दीत कुणी खांदा घासून पुढे जातं ना, तेवढाच. दाताळं माझ्या हातात किंचित फिरलं आणि पलीकडे पट्टा पुन्हा सुरू झाला.

"कोण आहे?" मी ओरडले, चक्क मराठीत. "काय पाहिजे?"

पट्टा पुढेच सरकत राहिला. मी त्याच्या बरोबरीने चालत गेले. कुंपणाच्या फळीपाशी तो आवाज थांबला. फळी हललीसुद्धा नाही. बस्स.

वळून बघितलं तर चहाचे दोन मग घेऊन कॉलिनकाका उभे होते. त्यांनी शेवटचं थोडं पाहिलं होतं. एक मग त्यांच्या हातातून सांडत होता आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

"व्री," ते म्हणाले, "इथे कधी कुणी मेलेलं नाही. मी चाळीस वर्षं आहे. हाडं मोडली, पण मेलं कुणी नाही."

मीही नंतर चौकशी केली. क्लबची जुनी माणसं, गावातली लायब्ररी, सगळं झालं. ट्रॅकच्या आधी तिथे काय होतं, तर बटाट्याचं शेत. म्हणजे गोष्टीत बसेल असा कुणी दुर्दैवी रायडरही मला मिळाला नाही. मिळाला असता तर मी तुम्हाला आनंदाने सांगितला असता.

त्या दिवशी आम्ही ती फळी उचकटली. मागचा खांब ठोकून पाहिला, बोल्ट पाहिले. सगळं धडधाकट. पण खाली वाकून त्या पट्ट्याच्या रेषेत बघत असताना मला एक गोष्ट दिसली. वळणांवर कुंपणाला लागून हवा भरलेल्या जाड गाद्या असतात. रायडर आदळला तर वाचावा म्हणून. दुसऱ्या वळणावरची शेवटची गादी जिथे संपते, त्याच्या पुढच्या दुसऱ्याच फळीवर तो पट्टा जात होता. उघड्या लाकडावर. नियमाने तिथे गादी लागत नाही, कारण तिथवर येईतो गाडी सरळ झालेली असते.

मी सोमवारी क्लबच्या मॅनेजरला, ग्रॅहमला भेटले. कंटेनरमध्ये एक जादा गादी पडलेली असते, ती तिथे लावा म्हटलं. कारण विचारलं तर मी खरं ते सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं कदाचित, पण मला जमलं नाही.

ग्रॅहम वाईट माणूस नाही. पण तो हसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे हे असलं बरंच असतं, नाही का?"

"आमच्याकडे," मी म्हटलं, "माझ्या बाबांनी अशा गोष्टींची जन्मभर टिंगल केली. मीही केली. मी तुला भूत आहे असं म्हणतच नाहीये, ग्रॅहम. चार वेळा एकच खूण एकाच जागी आली, एवढंच म्हणतेय. ऑफिसात अशी गोष्ट दिसली तर मी काम थांबवते."

"हे ऑफिस नाही. ती गादी एखादी फाटली तर बदलायला राखीव आहे. ती वापरली आणि दुसरी फाटली तर शर्यतच रद्द होईल."

"मग रद्द होऊ दे."

त्याने नाही म्हणून सांगितलं. विषय संपला, असं त्याला वाटलं.

गुरुवारी मी हाफ डे घेतला. दुपारी चारला ट्रॅकवर गेले, ऑफिसच्या कपड्यांतच, आणि त्या फळीला पाठ लावून मातीत बसले. संध्याकाळी शर्यत, त्याआधी रेफरी येऊन ट्रॅक तपासणार. ग्रॅहम धावत आला.

"व्री, ऊठ."

"नाही उठणार."

"उचलून बाजूला करायला लावू का?"

"लाव. बघू कोण उचलतं ते."

बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी कधी कुठल्या मोर्चात गेले नव्हते. पगारवाढ मागतानासुद्धा माझा आवाज कापतो. पण त्या दिवशी मला कुणीही हलवू शकलं नसतं. हसणारे होतेच. चहाच्या टपरीवरच्या बायका, बॅनर लावणारे, दोन मेकॅनिक. हसू देत, म्हटलं.

तेवढ्यात कॉलिनकाका ट्रॅक्टर घेऊन आले. माझ्यापासून थोड्या अंतरावर त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, खाली उतरले. त्यांचे दोन्ही गुडघे खराब आहेत. फळीला धरून, कण्हत, ते माझ्या शेजारी मातीत बसले.

"तू पण?" ग्रॅहम म्हणाला.

"मी पण पाहिलंय," ते म्हणाले. "आणि ट्रॅक्टर मीच चालवतो."

ग्रॅहमने जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. पण पाच मिनिटांत कंटेनर उघडला गेला. गादी ओढून आणून, बांधून, पंपाने फुगवून होईपर्यंत पाऊण तास गेला. रेफरी आले, बघितलं, खांदे उडवले आणि म्हणाले, "असेल तेवढी बरी."

त्या गुरुवारी काहीही झालं नाही. पुढच्याही नाही. जून गेला, जुलै गेला. क्लबमध्ये त्या गादीला 'व्रीचा सोफा' नाव पडलं. मी आत आले की कुणीतरी विचारायचं, आज कोण बसलंय सोफ्यावर? दर शनिवारी पट्टा मात्र येतच होता, आता तो गादीपाशी थांबायचा. मी तो मिटवायचे आणि घरी यायचे. ग्रॅहमने दोनदा गादी काढायला सांगितली. दोन्ही वेळा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

ऑगस्टमधला गुरुवार. त्या संध्याकाळची आठवी शर्यत, अजून चांगला उजेड होता. ली नावाचा आमचा एक रायडर आहे, तिशीचा, दोन लहान मुलींचा बाप, एरवी प्लंबिंगचं काम करतो. तो दुसऱ्या वळणातून बाहेर पडत होता आणि त्याच्या गाडीचा थ्रॉटल, म्हणजे आपला ॲक्सिलरेटर, अडकला. गाडी वळलीच नाही. पूर्ण वेगाने, सरळ... मी ज्या रेषेवर महिनोन्‌महिने दाताळं फिरवत होते, त्याच रेषेने गेली.

तो आवाज मी विसरू शकत नाही. जाड, बोदा, हवेचा. गाडी कुंपणावरून उडून पलीकडे पडली. ली गादीत रुतला आणि घरंगळून खाली आला. त्याची बायको माझ्यापासून चार खुर्च्यांवर होती. मी उठून तिच्याकडे गेले आणि तिचा हात धरला.

मग लीने एक हात वर केला.

गळपट्टीचं हाड मोडलं, एक अंगठा मोडला. डॉक्टर त्याला म्हणाले म्हणे, की उघड्या फळीवर गेला असतास तर आपण आज बोलत नसतो. शनिवारी ग्रॅहम आला, बाजूला पडलेलं दुसरं दाताळं घेतलं आणि माझ्या शेजारी काम करायला लागला. मग म्हणाला, "मी काही विचारणार नाही."

"विचारू नकोस," मी म्हटलं. "मला काही माहीतही नाही."

आता तुम्ही म्हणाल — कळलं, हा पूर्वसंकेत होता! कुणीतरी चांगली शक्ती सावध करत होती. इथे थांबले असते तर या गोष्टीला भरपूर लाइक्स मिळाले असते. पण मी थांबणार नाही, कारण गोष्ट तिथे संपली नाही.

त्याच शनिवारी, ग्रॅहम गेल्यावर, अकरा पस्तीसला तो पट्टा पुन्हा आला. तसाच. तिथेच.

मला संताप आला. संकट येऊन गेलं, माणूस वाचला, आता कशाला? पुढच्या शनिवारीही तो आला. त्या दिवशी ली हात गळ्यात बांधून आला होता, मुलींनी केलेलं एक रंगीत कार्ड घेऊन. मी त्याला पट्टा दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग गाडीतून त्याने आपला डावा बूट आणायला लावला आणि मला तो त्या पट्ट्यावर ठेवायला सांगितला. पट्टा बुटापेक्षा दोन बोटं जास्त रुंद होता.

"हा माझा नाही," ली म्हणाला. "आणि व्री, खरं सांगू का? थ्रॉटल अडकला तेव्हा माझा डावा पाय जमिनीवर नव्हताच. वळण संपलं होतं, मी तो वर घेतला होता. माझ्या गाडीने असा पट्टा पडूच शकत नाही."

कॉलिनकाकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

म्हणजे ज्याला तुम्ही संकेत म्हणाल, तो लीच्या अपघाताशी जुळतच नाही. जागा जुळते, बाकी काही जुळत नाही. रुंदी नाही, वेग नाही, पायसुद्धा नाही. कुणी मेलेलं नाही, कुणी मरणार होतं ते वाचलं, आणि तरीही तो येतो. गेली बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले, पुन्हा घडवून दाखवा. हे पुन्हा घडतं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि केवळ तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते तयारही करणार नाही. बाबा असते तर डबा घेऊन तिथेच जेवायला बसले असते, याची मात्र मला खात्री आहे.

सोफा अजून तिथेच आहे. तो आता कुणी काढायला सांगत नाही. ज्यांना वाटतं की मी हे सगळं रचलंय, त्यांनी मला मेसेज करावा, पत्ता देते. मार्चमध्ये सीझन सुरू होईल. कुठल्याही शनिवारी सकाळी या, जुने बूट घाला, आधी दोन तास माझ्याबरोबर खडी ओढा. अकरा पस्तीसला मी तुमच्या हातात दाताळं देईन आणि बाजूला उभी राहीन.

मग जी कॉमेंट टाकायची असेल ती टाका.